गव्हाचा भाव आणि रेशमी शर्ट

नोव्हेंबर १९१९ च्या अखेरीस कॅन्सस सिटीच्या बाराव्या रस्त्यावर, ऐटदार म्युलेबाख हॉटेलच्या समोर, पुरुषांच्या कपड्यांचं एक नवं दुकान उघडलं. शर्ट, टाय, मोजे, पट्टे, हातमोजे, टोप्या. दुकानाचे मालक दोघे, आणि दोघेही नुकतेच पहिल्या महायुद्धातून परतलेले. एडी जेकबसन मालाची खरेदी पाहायचा. दुसरा हिशेबाच्या वह्या सांभाळायचा आणि गिऱ्हाइकांना माल दाखवायचा. हा दुसरा पस्तीस वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. फ्रान्समध्ये तो तोफखान्याचा कॅप्टन होता. त्याचं नाव हॅरी ट्रूमन.

पुढे हा माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि विरोधकांनी त्याला आयुष्यभर या दुकानाची आठवण करून दिली. ज्याला शर्ट विकता आले नाहीत, तो देश काय चालवणार, असा त्यांचा सूर असे. मला मात्र वाटतं, की ट्रूमनला समजून घ्यायचं तर याच दुकानाच्या दारातून आत जायला हवं. त्या दुकानाच्या चढउताराचं कारण दुकानात नव्हतंच. ते कॅन्ससच्या गव्हाच्या शेतांत होतं. या घराण्याचं नशीब गव्हाच्या भावाला बांधलेलं होतं, आणि त्या भावाने ट्रूमनना एकदा नव्हे, दोनदा धुळीला मिळवलं.

हॅरीचे दोन्ही आजोबा केंटकीतून मिझुरीत आले. दोघांकडेही गुलाम होते. आईचे वडील सॉलोमन यंग हे मोठ्या उलाढालीचे गृहस्थ. बैलगाड्यांचे तांडे घेऊन ते पश्चिमेकडे, युटा आणि कॅलिफोर्नियापर्यंत माल पोचवत, आणि महिनोन्महिने घराबाहेर असत. जॅक्सन काउंटीत ग्रँडव्ह्यूजवळ त्यांची मोठी शेती होती. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा ते असेच दूर असताना, १८६१ मध्ये, उत्तरेच्या बाजूचे, जिम लेनचे कॅन्ससचे स्वार त्यांच्या वाडीवर चालून आले. त्यांनी शेकडो डुकरं मारली, गोठे आणि कोठारं पेटवली, आणि घरच्या बाईला, हॅरिएट लुईझाला, हातांना फोड येईपर्यंत आपल्यासाठी बिस्किटं भाजायला लावली. ऑगस्ट १८६३ मध्ये उत्तरेच्याच जनरल युइंगचा अकरा क्रमांकाचा हुकूम निघाला आणि सीमेवरच्या काउंट्यांमधल्या लोकांना घरदार सोडावं लागलं. निघालेल्या लोकांत सॉलोमन यांची दहा वर्षांची मुलगी मार्था होती. तीच हॅरीची आई. उत्तरेच्या निळ्या गणवेशाबद्दलचा राग तिने आणि तिच्या आईने कधी सोडला नाही. १९०५ मध्ये हॅरी नॅशनल गार्डमध्ये भरती झाला आणि नवा कोरा निळा गणवेश घालून मोठ्या हौसेने आजीला दाखवायला गेला. आजीने त्याला बजावलं, की यादवीनंतर हा रंग या घरात पहिल्यांदाच आला आहे, आणि तो पुन्हा इथे आणायचा नाही.

हॅरीचे वडील जॉन ट्रूमन हे बुटके, तापट आणि कष्टाळू. गुरं आणि खेचरं यांचा व्यापार ते करत. ८ मे १८८४ रोजी लमार गावात हॅरी जन्मला तेव्हा त्यांचा धंदा बरा चालला होता, आणि १८९० मध्ये इंडिपेंडन्सला बिऱ्हाड हलवल्यावर तर घरात पियानो आला. हॅरीची नजर जन्मापासून अधू, त्यामुळे लहानपणीच चष्मा लागला. मुलांच्या दांडगाईपासून तो दूर राहिला आणि पुस्तकांत रमला. पण जॉन यांना कॅन्सस सिटीच्या धान्यबाजाराने भुलवलं. गव्हाच्या वायद्यात सुरुवातीला हात मारला, तेव्हा पैसा आला. मग १९०१ च्या सुमारास भाव उलटला. रोकड, रोखे, मार्थाला माहेरातून मिळालेली १६० एकर जमीन, इंडिपेंडन्सचं घर, सगळं गेलं. साधारण ४० हजार डॉलरचा तो फटका होता. ज्या गव्हाने घर बुडवलं, त्याच गव्हाच्या कोठारावर जॉन ट्रूमन यांनी रात्रपाळीच्या राखणदाराची नोकरी पत्करली.

हॅरी नुकताच शाळेतून बाहेर पडला होता. कॉलेजचा विचार सोडावा लागला. नजर अधू असल्याने वेस्ट पॉइंटची सैनिकी अकादमीही बंद. मग रेल्वेच्या कामावर हजेरी घेणं, वृत्तपत्राच्या टपालखात्यात खपणं, बँकेत कारकुनी, असं करत करत तो महिना शंभर डॉलरपर्यंत पोचला. तेवढ्यात १९०६ मध्ये वडिलांचं बोलावणं आलं. आजोळच्या सहाशे एकरांच्या शेतीवर हातांची गरज होती. शहर, संगीत, नाटकं सोडून तो ग्रँडव्ह्यूला परतला आणि पुढची अकरा वर्षं नांगरामागे चालला.

या अकरा वर्षांत तो गहू जवळून शिकला. कोणत्या शेतात कोणतं पीक आधी आणि कोणतं नंतर घ्यायचं, पेरा कसा सरळ पडतो, बाजारात धान्य केव्हा धाडायचं. ही शेतीही निर्वेध नव्हती. १९०९ मध्ये आजी गेल्यावर तिच्या मृत्युपत्रावरून मामा-मावश्यांशी कोर्टकज्जे झाले, आणि ते मिटवताना जमिनीवर गहाण चढलं. १९१४ मध्ये वडीलही गेले, आणि कुटुंबाचं कर्ज आता हॅरीच्या नावावर आलं. शेतीतून बाहेर पडायला तो धडपडला. ओक्लाहोमात जस्ताच्या खाणीत पैसे घातले, ते बुडाले. तेलाच्या धंद्यात शिरला, तोही फसला. त्याच्या कंपनीने सोडून दिलेल्या कॅन्ससमधल्या जमिनीखाली नंतर इतरांना भरपूर तेल लागलं.

या सगळ्या धडपडीमागे एक मुलगी होती. बेस वॉलेस त्याला लहानपणापासून आवडायची. तिच्या आईच्या वडिलांची, गेट्स यांची, पिठाची मोठी गिरणी होती, आणि त्यांचं ‘क्वीन ऑफ द पँट्री’ हे पीठ दूरवर विकलं जायचं. एकाने गहू पेरायचा आणि दुसऱ्याने तो दळून श्रीमंत व्हायचं, असं हे अंतर होतं. बेसच्या वडिलांनी १९०३ मध्ये आत्महत्या केली होती, तेव्हापासून तिची आई मॅज लेकीला क्षणभर नजरेआड होऊ द्यायची नाही, आणि कर्जबाजारी शेतकरी जावई तिला मुळीच नको होता. १९११ मध्ये हॅरीने पत्रातून लग्नाचं विचारलं, बेसने नकार दिला. तो खचला नाही. दर आठवड्याला ग्रँडव्ह्यूहून इंडिपेंडन्सला खेपा घालत राहिला, आणि १९१३ मध्ये तिने होकार दिला. पण लग्न करायला हातात पैसा हवा होता, आणि तो काही येत नव्हता.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. हॅरी ३३ वर्षांचा, सक्तीच्या भरतीच्या वयापुढचा. शेती त्याच्यावर अवलंबून, आई आणि बहीण त्याच्यावर अवलंबून. घरी राहिला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. तरी तो गेला. डोळ्यांची तपासणी त्याने तक्ता पाठ करून पार पाडली, असं सांगितलं जातं. मिझुरीच्या तोफखान्यात जवानांनीच त्याला लेफ्टनंट म्हणून निवडलं, आणि ही पलटण पुढे १२९ वी फील्ड आर्टिलरी म्हणून ओळखली गेली.

ओक्लाहोमातल्या कँप डॉनिफनमध्ये पलटणीचं कॅन्टीन चालवायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने मदतीला सार्जंट एडी जेकबसनला घेतलं. एडी हा लिथुएनियाहून आलेल्या गरीब ज्यू घरातला, पोरवयापासून दुकानांत राबलेला. प्रत्येक जवानाकडून दोन डॉलर घेऊन भांडवल उभं केलं, आणि थोड्याच महिन्यांत त्याच्या कितीतरी पट नफा जवानांना परत वाटला. इतर पलटणींची कॅन्टीनं तोट्यात असताना या दोघांचं चाललं, कारण हिशेब रोजच्या रोज लागायचा. पुढच्या दुकानाचं बी इथे पडलं.

जुलै १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्याला बॅटरी डी मिळाली. कॅन्सस सिटीतले आयरिश कॅथलिक तरुण, जवळपास दोनशे जण. दंगेखोर म्हणून ते नावाजलेले, आणि आधीचे अधिकारी त्यांच्यापुढे हात टेकून गेलेले. चष्मेवाला, बॅप्टिस्ट, शेतकऱ्याचा मुलगा असलेला हा नवा कॅप्टन किती दिवस टिकतो, असं त्यांना वाटलं. त्याने पहिल्याच दिवशी खालच्या सार्जंटांना बोलावून सांगितलं, की शिस्त तुम्ही राखायची, ज्याला जमणार नाही त्याला पायउतार व्हावं लागेल. ऑगस्टच्या अखेरीस व्होज डोंगरांत तुकडीवर पहिल्यांदा जर्मन तोफा कोसळल्या. रात्रीचा अंधार, पाऊस आणि चिखल, त्यात एक सार्जंट पळा म्हणून ओरडला, आणि जवान पांगले. हॅरीचा घोडा खड्ड्यात पडून त्याच्या अंगावर आला होता. तो त्याखालून सुटला आणि आपल्या लोकांना अशा शिव्या घातल्या, की पळणारे थबकले आणि परतले. खेचरांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा आपल्यातला आहे, हे त्या रात्री त्यांना उमगलं.

२६ सप्टेंबरला म्यूज-आर्गॉनची मोहीम सुरू झाली. पहाटे चारच्या सुमारास तुकडीच्या चारही फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफा धडधडू लागल्या. त्यांच्या ३५ व्या डिव्हिजनचे थोड्याच दिवसांत सुमारे सात हजार लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पण थेट हॅरीच्या हुकमाखाली असताना बॅटरी डीमधला एकही जवान लढाईत मारला गेला नाही. ११ नोव्हेंबरच्या सकाळी पावणेअकरापर्यंत त्यांनी तोफ डागली, आणि अकराला सगळं शांत झालं. परतताना जवानांनी वर्गणी काढून आपल्या कॅप्टनला चांदीचा मोठा चषक दिला.

मे १९१९ मध्ये तो सैन्यातून मोकळा झाला आणि २८ जूनला त्याचं बेसशी लग्न झालं. लग्नानंतर तो इंडिपेंडन्सच्या डेलावेअर रस्त्यावरच्या गेट्स यांच्या घरी घरजावई म्हणून राहायला गेला. सासू मॅज त्याच घरात, आणि जावयाबद्दलचं तिचं मत तेच. त्या घरात ताठ मानेने वावरायचं तर काहीतरी उभं करणं भाग होतं. हॅरीने शेतावरची जनावरं आणि अवजारं लिलावात काढली आणि साधारण पंधरा हजार डॉलर दुकानात घातले.

दुकान सुरुवातीला धो धो चाललं. सकाळी आठ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. युद्धकाळात गव्हाला सरकारने भावाची हमी दिली होती, बुशेलला दोन डॉलर वीस-पंचवीस सेंट. कॅन्सस सिटी हे भोवतालच्या शेतकऱ्यांचं बाजाराचं शहर. शेतकऱ्याच्या हातात पैसा होता, म्हणून व्यापाऱ्याच्या, मजुराच्या, परतलेल्या जवानाच्या हातात होता. सोळा डॉलरचा रेशमी शर्ट लोक सहज घेत. पहिल्या वर्षी ७० हजार डॉलरची विक्री झाली. चांदीचा चषक काचेत मांडलेला, आणि भोवती बॅटरी डीचे जुने जवान गोळा झालेले. कोणी गप्पा मारायला येई, कोणी नोकरीची चौकशी करायला, कोणी उधार मागायला. कॅप्टन कोणाला नाही म्हणत नसे.

१९२० च्या उन्हाळ्यात सरकारने गव्हाची हमी काढून घेतली. युरोपातली शेतं पुन्हा पिकू लागली होती, व्याजदर चढले होते. पुढच्या दीड वर्षात गहू बुशेलला एक डॉलरच्याही खाली आला. खेड्यांतल्या बँका अडचणीत आल्या, शेतकरी शहरात येईनासा झाला, आणि बाराव्या रस्त्यावर गिऱ्हाईक कमी झालं. ज्यांनी सोळा डॉलरचा शर्ट घेतला होता, तेच जवान आता कामाच्या शोधात दुकानात येऊन बसू लागले. चढ्या भावाने भरलेला सुमारे ३५ हजार डॉलरचा माल दहा हजारांच्या मोलाचा उरला. दोघांनी कर्ज काढलं, भांडवल वाढवलं, माल स्वस्तात विकला. १९२२ मध्ये दुकान बंद झालं. वडिलांना वीस वर्षांपूर्वी गव्हाने बुडवलं होतं ते सट्ट्याच्या मोहापायी. मुलाने सट्टा केला नव्हता, प्रामाणिकपणे काउंटरमागे उभा राहिला होता, तरी गव्हाने त्यालाही सोडलं नाही.

पुढची वर्षं मला या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटतात. जेकबसनने १९२५ मध्ये दिवाळं जाहीर केलं आणि फिरता विक्रेता होऊन पुन्हा शर्ट विकू लागला. हॅरीने दिवाळं काढायचं नाकारलं. घेणेकऱ्यांशी तो एकेक करून बोलला आणि जवळपास पंधरा वर्षं फेडत राहिला. सगळी कर्जं मात्र त्याने पै-पै करून चुकवली असं नाही. एका बँकेचं देणं व्याजासकट नऊ हजारांच्या घरात गेलं होतं. ती बँक बुडाल्यावर १९३५ मध्ये त्याचा भाऊ व्हिव्हियनने ती हुंडी हजार डॉलरला विकत घेतली, तेव्हा ते प्रकरण मिटलं. पण वर्षानुवर्षं घेणेकऱ्यांना दारात तोंड देऊन तो त्याच गावात राहिला, आणि मित्राला त्याच्या वाट्याची रक्कम कधी मागितली नाही.

दुकान आचके देत असतानाच राजकारण दारात आलं. फ्रान्समधला सोबती जिम पेंडरगास्ट हा कॅन्सस सिटीच्या राजकीय टोळीचे सूत्रधार असलेल्या पेंडरगास्ट घराण्यातला. त्याच्या वडिलांनी हॅरीला काउंटीच्या ‘जज्ज’पदासाठी उभं राहायला सांगितलं. निवाड्यांशी या पदाचा संबंध नव्हता. रस्ते, पूल आणि कर ही त्याची कामं. १९२२ ची पक्षांतर्गत निवडणूक हॅरीने तीनशेहून कमी मतांनी जिंकली, आणि त्यासाठी घराघरांतून फिरले ते बॅटरी डीचे लोक. १९२४ मध्ये तो हरला. त्याच वर्षी मुलगी मार्गारेट जन्मली होती. डोक्यावर कर्ज, घरात तान्हं बाळ, हाताला काम नाही.

तेव्हा तो पुन्हा विक्रेता झाला. कॅन्सस सिटीच्या ऑटोमोबाइल क्लबचं सभासदत्व विकायचं काम त्याने कमिशनवर घेतलं. एका वर्षात त्याने हजारावर सभासद केले आणि खर्च वजा जाता पाच हजारांच्या आसपास कमावले. मोटारींचे दिवस नुकतेच येत होते आणि रस्ते चिखलाचे होते. घरोघर बोलताना, कोणत्या वाटेवर गाडी कुठे रुतते, हे त्याला कळत गेलं. १९२६ मध्ये काउंटीचा मुख्य जज्ज म्हणून निवडून आल्यावर त्याने जॅक्सन काउंटीत पक्क्या रस्त्यांचं जाळं विणलं. कंत्राटं दिली ती कमी दराच्या निविदेला, टोळीच्या माणसांना नव्हे, आणि त्यामुळे टोळीचा म्होरक्या टॉम पेंडरगास्टशी त्याचे खटकेही उडाले. तरी त्याच टॉमच्या पाठबळावर तो १९३४ मध्ये सेनेटवर गेला हेही खरं आहे. टॉम १९३९ मध्ये करचुकवेगिरीसाठी तुरुंगात गेला, आणि १९४५ मध्ये वारला तेव्हा उपाध्यक्ष ट्रूमन त्याच्या अंत्ययात्रेला गेला. लोक चिडले. मित्र वाईट निघाला तरी सोडायचा नाही, ही त्याची रीत होती, आणि तिची किंमत त्याने वेळोवेळी मोजली.

१९४० मध्ये शेवटचा घाव बसला. ग्रँडव्ह्यूच्या शेतीवर काउंटीच्या शाळानिधीचं कर्ज होतं. ते थकलं आणि विरोधी गटाच्या हातातल्या काउंटीने जप्ती आणली. सेनेटची फेरनिवडणूक ऐन भरात होती. ८७ वर्षांच्या मार्थाला दुसऱ्यांदा घर सोडावं लागलं. नव्या घराच्या अनोळखी जिन्यावर ती पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हॅरीने त्या वर्षीची पक्षांतर्गत निवडणूक आठ हजारांहून कमी मतांनी जिंकली आणि सेनेटची जागा राखली. नंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकी खर्चातली उधळपट्टी शोधणाऱ्या सेनेट समितीचा अध्यक्ष म्हणून त्याने नाव कमावलं. छावण्यांच्या बांधकामाची बिलं तो अशा नजरेने तपासायचा, जशी एकेकाळी स्वतःच्या दुकानाची वही तपासत असे. त्या नावामुळेच १९४४ मध्ये उपाध्यक्षपद मिळालं, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी अध्यक्ष रूझवेल्टच्या मृत्यूनंतर अध्यक्षपद.

एडी जेकबसनशी मैत्री तुटली नव्हती. मार्च १९४८ मध्ये तो व्हाइट हाउसमध्ये आला. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर चारी बाजूंनी आलेल्या दडपणाला ट्रूमन इतका वैतागला होता, की त्याने तो विषय काढायचाच नाही असं ठरवलं होतं. एडीने टेबलाजवळच्या अँड्र्यू जॅक्सनच्या छोट्या पुतळ्याकडे बोट दाखवलं. तुझा जसा हा आदर्श पुरुष, तसा माझा ज्यूंचा पुढारी हाइम वाइझमन, आणि तो म्हातारा आजारी असून तुला भेटायला आला आहे, असं तो म्हणाला. थोड्याच दिवसांत वाइझमनची भेट झाली. १४ मे रोजी इस्रायलची घोषणा झाल्यावर अकरा मिनिटांत अमेरिकेने मान्यता दिली. त्या निर्णयामागे अनेक कारणं होती आणि त्याचे परिणाम आजही पश्चिम आशिया भोगतो आहे, पण अध्यक्षाचं दार त्या दिवशी उघडलं ते जुन्या भागीदारासाठी. त्याच वर्षी जुलैत ट्रूमनने सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा हुकूम काढला. दोन्ही आजोबांनी गुलाम बाळगलेल्या घरातला नातू इतक्या लांब आला होता.

१९४८ ची निवडणूक तो हरणार असं सगळे धरून चालले होते. त्या उन्हाळ्यात रिपब्लिकन काँग्रेसने सरकारला धान्य साठवायला नवी कोठारं घेण्याची मनाई केली होती. कोठार नसेल तर हमीभावावरचं कर्ज मिळत नसे. पीक अमाप आलं, आणि मका-गव्हाचे भाव उतरू लागले. इतर पुढाऱ्यांना ही कायद्यातली बारीक तरतूद वाटली. ट्रूमनला तिच्यात १९२१ दिसलं. १८ सप्टेंबरला आयोवातल्या डेक्स्टर गावी, नांगरणीच्या राष्ट्रीय स्पर्धेला जमलेल्या हजारो शेतकऱ्यांपुढे तो उभा राहिला आणि या काँग्रेसने शेतकऱ्याच्या पाठीत दाताळं खुपसलं आहे असं थेट म्हणाला. रेल्वेने सुमारे तीस हजार मैल फिरत गावोगावच्या फलाटांवर तो हेच बोलत राहिला. भाव पडला की शेतकऱ्यापाठोपाठ दुकानदार, कामगार आणि बँक कसे कोसळतात, हे सांगायला त्याला आकडे वाचावे लागत नव्हते. त्या साखळीतल्या प्रत्येक जागी तो स्वतः उभा राहिला होता.

१९४४ मध्ये रूझवेल्टलाही न मिळालेली आयोवा, ओहायो आणि विस्कॉन्सिन ही राज्यं ट्रूमनने जिंकली आणि रिपब्लिकन उमेदवार ड्युईचा पराभव केला. जानेवारी १९४९ च्या शपथविधीला त्याच्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी बॅटरी डीचे पन्नाशी उलटलेले जवान हातात काठ्या घेऊन चालले. बाराव्या रस्त्यावरच्या दुकानात उधारीवर शर्ट नेणाऱ्यांतले काही त्यांत असणारच. त्या उधारीने त्याचं दुकान बुडवायला हातभार लावला होता, आणि त्याच माणसांनी त्याला राजकारणात उभं केलं. व्यापारात ट्रूमन नापास झाला, हे विरोधकांचं म्हणणं खरंच आहे. पण जमीन गमावलेली आई, कोठाराची राखण करणारे वडील आणि वर्षानुवर्षं फेडलेलं कर्ज यांतून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: भाव कोसळतो तेव्हा कष्टाळू माणसाची चूक नसते, आणि त्याला आधार देणं हे सरकारचं काम आहे. अध्यक्षपदावर तो वागला, ते या समजुतीनेच.